कूड, आत्मा आणि वाटेची शिदोरी

गोव्यातील मराठी वृत्तपत्रांत निधनवार्तांचा जो रकाना असतो, तो शब्दांची आवड असलेल्या वाचकाने एकदा सावकाश वाचून पाहावा. एक मनुष्य 'वैकुंठवासी' होतो, दुसरा 'कैलासवासी', तिसरा नुसताच 'दिवंगत'. आणि त्याच रकान्यात एखादा 'ख्रिस्तवासी' झालेला आढळतो. त्याच माणसाची वार्ता कोकणीत छापली गेली, तर तेथे तो 'देवाधीन' झालेला असतो. हे शब्द आम्ही सवयीने वाचतो आणि सवयीनेच विसरतो. परंतु प्रत्येक शब्दाच्या पोटात मेलेला माणूस कोठे गेला, त्याचे काय गेले आणि काय मागे राहिले, याविषयीचे एकेक संपूर्ण दर्शन दडलेले आहे. शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत सिमितेरीच्या फाटकापर्यंत जाऊन हात जोडून उभे राहणाऱ्या पेडणे-डिचोलीकडील माणसास मेलेला मनुष्य चांगला ठाऊक असतो. त्याच्याविषयी आत पाद्री काय म्हणत आहे, ते मात्र बहुधा ठाऊक नसते. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेडणे आणि डिचोली यांचाच निर्देश करण्यास कारण आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे जुन्या काबिजादींचे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या अमलाखाली आले आणि तेथील गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. डिचोली पोर्तुगिजांकडे आली ती १७८१ मध्ये, आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून मिळाले ते १७८८ मध्ये. तोपर्यंत धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता, जेझुइटांची १७५९ मध्ये हकालपट्टी झाली होती आणि नव्या काबिजादींतील प्रजेस तिच्या देवालयांविषयी व आचारांविषयी अभय देण्याचे राजकीय धोरण ठरले होते. त्यामुळे या दोन्ही तालुक्यांत कॅथलिक समाज अल्पसंख्य राहिला, आणि त्यांतील बऱ्याच घराण्यांचे मूळ बार्देशात सापडते. पेडण्याची सेंट जोसेफची इगर्ज, हरमलची कार्मेल माउलीची इगर्ज, डिचोलीची कृपामातेची इगर्ज, तेरेखोल किल्ल्याच्या तटाआडचे सांत आंतोनीचे प्रार्थनामंदिर, ही सर्व देवळांच्या आणि तुळशीवृंदावनांच्या शेजारात उभी आहेत. सासष्टीतील कॅथलिकाचे सगळे आयुष्य स्वधर्मीयांत जाऊ शकते. पेडण्यातील कॅथलिकाच्या तिरडीला खांदा लावणाऱ्यांत मात्र भजनी मंडळातला एखादा माणूस हटकून असतो. येथे दोन मरणकल्पना एकाच पायवाटेवरून चालतात. म्हणून तुलनेचा प्रश्न येथे पुस्तकी न राहता घरगुती होतो.

सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात या बाबतीत जे समज आहेत, त्यांतील दोन तरी साफ चुकीचे आहेत. पहिला असा, की ख्रिस्ती मताप्रमाणे मेलेल्याचा आत्मा थडग्यात निजून राहतो आणि शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की उठतो. दुसरा असा, की शरीर मातीत जसेच्या तसे राहिले पाहिजे, एरवी पुनरुत्थान होणार नाही, आणि म्हणूनच ते लोक पुरतात, जाळत नाहीत. ही दोन्ही मते कॅथलिक चर्चची नव्हेत. मग तिचे मत काय, हे समजण्यासाठी शरीर आणि आत्मा यांच्या नात्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

कोकणीत शरीराला 'कूड' म्हणतात. मराठीतील 'कुडी' तोच शब्द, आणि त्याचे मूळ कुटी म्हणजे झोपडी, असे सांगतात. कोकणीत 'कूड' म्हणजे खोलीसुद्धा. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या खलाशांनी आणि नोकरचाकरांनी गावोगावची जी सामाईक बिऱ्हाडे थाटली, ती 'कुडी' याच नावाने ओळखली जातात. म्हणजे भाषेने आपला कौल आधीच देऊन ठेवला आहे : देह ही खोली आणि जीव हा बिऱ्हाडकरू. भाडे संपले की बिऱ्हाडकरू निघाला. गीतेतील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त आपल्या रक्तात इतका भिनलेला आहे, की याहून निराळे काही असू शकेल हे प्रथमदर्शनी आपणांस सुचतही नाही. मौज अशी की कॅथलिक गोमंतकीय आपल्या श्रद्धेच्या अंगीकारात 'कुडीचें पुनर्जिवंतपण' मानतो असे म्हणतो, तेव्हा तो शब्द झोपडीचा वापरतो आणि सिद्धान्त मात्र झोपडीच्या बरोबर उलट सांगतो.

कारण कॅथलिक सिद्धान्तात देह हे आत्म्याचे घरही नव्हे आणि वस्त्रही नव्हे. १३१२ मध्ये व्हिएन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असे ठरविले, की विवेकी आत्मा हा मानवी देहाचे साक्षात 'रूप' आहे. येथे 'रूप' हा शब्द ॲरिस्टॉटलच्या परिभाषेतला आहे. मेणावर मुद्रा उमटली की मेण निराळे आणि मुद्रा निराळी अशी दोन वस्तूंची मांडणी आपण करीत नाही, तसे हे नाते समजावे. माणूस म्हणजे देहात राहणारा आत्मा नव्हे. देह आणि आत्मा मिळून जे एक होते, ते माणूस. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस हा या मताचा मोठा भाष्यकार. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रावर लिहिताना त्याने या विचाराचा शेवटचा टोकदार निष्कर्षही काढून दाखविला : माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, केवळ आत्मा तरला, तर मी तरलो असे म्हणता येणार नाही. अद्वैताच्या किंवा नाथपंथाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकास हे वाक्य अडखळविणारे वाटेल. पेडण्याशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या सोहिरोबानाथ आंबिये यांच्या वाचकास तर फारच. तेथे 'मी'चा शोध देहभाव गळून गेल्यावर पुरा होतो. येथे देह गेल्यावर 'मी' अपुरा पडतो.

तेव्हा मरण म्हणजे काय? आत्म्याचे आणि देहाचे वेगळे होणे. ही व्याख्या दोन्हीकडे सारखीच दिसते, पण मूल्य निराळे आहे. आपल्याकडे ज्ञानी पुरुषास ती सुटका. कॅथलिक मतात ती मोडतोड आहे, पापाची शिक्षा आहे, आणि म्हणून ती कधी तरी दुरुस्त व्हावयास हवी. आत्मा अमर आहे हे लॅटरन येथील पाचव्या परिषदेने १५१३ मध्ये पुन्हा निक्षून सांगितले, आणि तो प्रत्येकाचा आपापला आहे, सर्वांत मिळून एक नव्हे, हेही. परंतु अमर आत्मा हे या श्रद्धेचे अर्धे अंग झाले. उरलेले अर्धे पुनरुत्थानाचे. १२१५ च्या लॅटरन परिषदेचे म्हणणे असे, की सर्व माणसे, भली आणि बुरी, आज जो देह धारण करीत आहेत त्याच आपल्या देहांसह उठतील. 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' हे दोन शब्द मराठीत एकाच उपसर्गाने सुरू होतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. पुनर्जन्मात आत्मा तोच, देह दुसरा. पुनरुत्थानात देहही तोच. जन्म एक, मरण एक, त्यानंतर निवाडा : फेऱ्याला येथे जागा नाही.

पण 'तोच देह' म्हणजे कोणता? म्हातारपणी सुरकुतलेला, की पंचविशीतला? समुद्रात मासळीने खाल्लेला, की पेटलेल्या घरात राख झालेला? हे प्रश्न आजचे नव्हेत. पहिल्या शतकात करिंथच्या लोकांनी ते विचारले होते, आणि पौलाने त्यांना शेतकऱ्याचे उत्तर दिले. आपण पेरतो ते बी असते, उगवते ते रोप असते. बी कुजल्यावाचून रोप येत नाही, आणि तरी भाताच्या दाण्यातून भातच येते, नाचणी येत नाही. पेडण्याच्या खाजनात रोपणी केलेल्या माणसास हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज पडू नये. ओळख कायम, अवस्था बदललेली. कणांची बेरीज तीच असली पाहिजे, असा आग्रह त्यात नाही.

आता मरणाच्या घडीकडे वळू. माणूस अत्यवस्थ झाला की घरचे पाद्रीस बोलावतात. तो आजाऱ्याचे पापनिवेदन ऐकतो, कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतो आणि शेवटी ख्रिस्तप्रसाद देतो. या तेलाच्या संस्कारास पूर्वी 'अंत्याभ्यंग' म्हणत, आणि नावामुळेच लोक भीत. पाद्री दारात दिसला की आजारी माणूस आशा सोडी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये या विधीची पुनर्रचना झाली, तो केवळ मरणाऱ्यांचा नसून आजाऱ्यांचा संस्कार आहे यावर भर दिला गेला, आणि ऑलिव्हचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल अशीही मोकळीक मिळाली. खरा अखेरचा संस्कार म्हणजे तो ख्रिस्तप्रसाद. लॅटिनमध्ये त्याला 'व्हियातिकुम' म्हणतात. शब्दकोश त्याचे लांबलचक अर्थ देतील. पण आमच्या मते त्याला मराठीत एकच शब्द शोभतो, तो म्हणजे शिदोरी. जुन्या रोममध्ये प्रवासास निघणाऱ्या माणसाजवळ जो खर्च आणि जे खाणे बांधून देत, त्याचेच हे नाव. मरणारा वाटेस लागला आहे आणि वाट लांबची आहे, एवढे त्या एका शब्दात येते. गंगोदक आणि तुळशीपत्र तोंडात घालणाऱ्या घरास त्यामागील भाव परका वाटणार नाही.

श्वास थांबला की लगेच काय होते, या प्रश्नावर एका पोपचीच फजिती झालेली आहे. बाविसावा जॉन याने १३३१ मध्ये काही प्रवचने केली आणि त्यांत असे मत मांडले, की पुण्यवान आत्म्यांनासुद्धा अंतिम न्यायापर्यंत ईश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही. ते वाट पाहत राहतात. मोठा गदारोळ झाला. पॅरिसचे धर्मपंडित खवळले, आणि १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्या पोपने आपले म्हणणे मागे घेतले. त्याच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने १३३६ मध्ये निर्णय दिला : शुद्ध झालेल्या आत्म्यास मरणानंतर तत्काळ, अंतिम दिवसाची वाट न पाहता, ईश्वराचे समोरासमोर दर्शन होते. म्हणजे न्याय दोन. एक ज्याचा त्याचा, मरणाच्या क्षणी. दुसरा सर्वांचा, जगाच्या अखेरीस, देह परत मिळाल्यावर. दुसऱ्या न्यायाने पहिला बदलत नाही. तो उघड होतो आणि पुरा होतो. थडग्यात झोपलेल्या आत्म्याची कल्पना या निर्णयाबरोबरच निकालात निघाली.

ही सगळी रचना मराठीत प्रथम कोणी सांगितली, हे साहित्याच्या अभ्यासकास ठाऊकच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, उरलेली चाळीस वर्षे येथेच, बहुतेक सासष्टीत, राहिला आणि १६१९ मध्ये वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी तो पुन्हा छापला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. स्टीफन्सपुढे मोठा पेच होता. परलोकाचा भूगोल सांगावयाचा, आणि मराठीत त्या भूगोलाची सर्व गावे आधीच वसलेली! नवी नावे घातली तर श्रोत्यांना कळणार नाहीत. जुनी घेतली तर जुने देव बरोबर येणार. त्याने पुष्कळ ठिकाणी दुसरा धोका पत्करला. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' वापरले. विष्णूला बाहेर काढून त्याचे घर वापरण्याचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकातील कोणा मिशनऱ्यास कदाचित आवडला नसता. परंतु आम्हांस ही निवड फार मार्मिक वाटते. आपल्या परंपरेत स्वर्ग हे तात्पुरते ठिकाण आहे. पुण्याई सरली की इंद्रलोकातूनही खाली यावे लागते. जेथून परतणे नाही, ते वैकुंठ. कॅथलिकांचा स्वर्ग परतीचा नाही, म्हणून 'वैकुंठ' हाच शब्द अर्थाने जवळचा. आजच्या कोकणी प्रार्थनांत त्याची जागा 'सर्ग' या शब्दाने घेतली आहे. तो अधिक निर्धोक असेल, पण ती अर्थच्छटा त्यात हरवली.

नरकाचे याच्या उलट झाले. कोकणी कॅथलिकांचा नरक म्हणजे 'येमकोंड', यमाचे कुंड. हा शब्द भयानक आहे खरा, परंतु आपल्या पुराणांतील यमाची कुंडे शिक्षेची मुदत भरेपर्यंतची आहेत. तेथून सुटून जीव पुन्हा जन्माला येतो. कॅथलिक मतातला नरक कायमचा आहे, आणि तेथे यमाचे दूत कोणास ओढून नेत नाहीत. मनुष्याने आपण होऊन शेवटपर्यंत ईश्वराकडे फिरवलेली पाठ, हाच नरक. तेथे अमुक मनुष्य आहे, असे चर्चने कोणाही माणसाचे नाव घेऊन आजवर अधिकृतपणे सांगितलेले नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. संतांची यादी आहे, नरकवासीयांची नाही.

मधल्या ठिकाणासाठी मात्र देशी शब्द मिळाला नाही, आणि पोर्तुगीज 'पुर्गातोर' तसाच राहिला. आमच्या मते यातच या कल्पनेचे वेगळेपण आहे. पुर्गातोर हा सौम्य नरक नव्हे आणि दुसरा जन्मही नव्हे. तेथे पोचलेला आत्मा तरलेला आहे. त्याचा निकाल लागलेला आहे. फक्त अंगाचा मळ जावयाचा राहिला आहे. १४३९ ची फ्लॉरेन्सची परिषद आणि १५६३ चे ट्रेंट परिषदेचे अखेरचे सत्र यांनी एवढेच ठरविले, की अशी शुद्धी आहे आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी, मिसांनी व दानधर्माने त्या आत्म्यांना साहाय्य होते. आगीची वर्णने चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी केली. परिषदांनी आगीचा सिद्धान्त बांधला नाही, उलट ट्रेंटने कुतूहलापोटी होणाऱ्या आणि पैशाच्या वासाने चालणाऱ्या बडबडीस आळा घालण्याची बिशपांना आज्ञा केली.

येथे मराठी वाचकास आपले घर दिसू लागते. सातव्या दिवसाचे मीस, महिन्याचे मीस, वर्षाचे मीस. आणि दरसाल नोव्हेंबरच्या दोन तारखेस सर्व मृतांचा दिवस, जो क्लूनीच्या मठाचा अधिपती ओडिलो याने सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरू केला. भाद्रपदात म्हाळ घालणाऱ्या शेजाऱ्यास हा क्रम ओळखीचा वाटतो, आणि तो वाटणे चुकीचे नाही. दोन्हीकडे जिवंतांचे मृतांशी असलेले देणे संपलेले नाही. भेद आहे तो देण्याच्या दिशेत. श्राद्धात पितर तृप्त होतात आणि तृप्त होऊन वंशास आशीर्वाद देतात. मिसात नातलग ईश्वरापाशी रदबदली करतात, मृतास काही खाऊ घालीत नाहीत. तरीही गोव्याच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालण्याची जी चाल आहे, ती या दोहोंच्या नेमकी मध्ये बसते. घरच्या मृतांच्या स्मरणार्थ गरिबांना बोलावून, आदराने बसवून जेवू घालतात. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने जन्म, लग्न आणि मरण यांच्या कित्येक देशी चालींवर बंदीचा लांबलचक जाहीरनामा काढला होता; पेडणे-डिचोली त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाखाली नव्हतीच. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, आणि जेवण राहिले. दानधर्माने मृतांना साहाय्य होते, असे फ्लॉरेन्सच्या परिषदेनेच म्हटले असल्यामुळे त्याला सिद्धान्ताचे छप्परही मिळते.

आरंभी ज्या दोन शब्दांचा उल्लेख केला, त्यांचा निवाडा येथे करता येईल. 'ख्रिस्तवासी' हा शब्द मृत मनुष्य पोचला असे गृहीत धरतो. जर पोचलाच, तर सातव्या दिवसाचे मीस कशाला? कॅथलिक मताप्रमाणे संतपद जाहीर झालेल्यांवाचून कोणाविषयीही तसे खात्रीने सांगता येत नाही. 'देवाधीन' हा कोकणी शब्द तितका मोठा दावा करीत नाही. माणूस देवाच्या हाती गेला, पुढचे देव जाणे. काटेकोरपणे पाहिले तर तोच बरोबर. आमच्या वृत्तपत्रांनी तो घेण्यास हरकत नाही. मराठीत तो परका नाही.

आता जो प्रश्न फाटकाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या मनात असतो आणि जो तो सभ्यपणामुळे कधी विचारीत नाही, तो : तुमच्या मताप्रमाणे आम्ही मेल्यावर आमचे काय? या प्रश्नाचे जुने उत्तर कठोर होते, ते लपविण्यात अर्थ नाही. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्याच परिषदेने काढलेल्या एका आज्ञापत्रात चर्चच्या बाहेर राहिलेल्यांस तारण नाही, असे रोखठोक म्हटले आहे, आणि सोळाव्या शतकात गोव्यात आलेले धर्मोपदेशक हेच मनात धरून आले. एवढ्या माणसांचे आत्मे बुडत आहेत या भयानेच त्यांच्यातील सज्जनांस झोप येत नसे. त्यांच्या आवेशात, आणि त्यातून घडलेल्या अत्याचारांतही, या भयाचा अंश आहे. पुढे हे उत्तर हळूहळू बदलत गेले. १९४९ मध्ये बॉस्टन येथील एका वादात रोमने अतिकठोर अर्थ नाकारला. आणि १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयक घटनेत सांगितले, की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची वा चर्चची ओळख झाली नाही, पण जे सरळ मनाने ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाच्या सांगण्याप्रमाणे वागतात, त्यांनाही शाश्वत तारण मिळू शकते. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकांसाठी मध्ययुगीन पंडितांनी 'लिंबो' नावाचे एक उदास ठिकाण कल्पिले होते. २००७ मध्ये रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगाने त्याहून मोठी आशा बाळगण्यास आधार आहे, असा अहवाल दिला. ज्या आईने नाव ठेवण्यापूर्वीच मूल गमावले, तिच्या दृष्टीने सर्व परिषदांपेक्षा हा एक अहवाल अधिक मोलाचा असेल.

देहाचा विचार अजून संपला नाही. गोव्यात तो संपणेच शक्य नाही, कारण जुन्या गोव्याच्या बों जेझू बाझिलिकेत एक देह सुमारे चार शतके सर्वांचे लक्ष वेधून राहिला आहे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्वान बेटावर वारला; देह मलाक्क्यास आणि तेथून १५५४ मध्ये गोव्यास आला; १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमला पाठविण्यात आला. दर दहा वर्षांनी होणारे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले, आणि नेहमीप्रमाणे दर्शनाच्या रांगांत हिंदूही होते. 'गोंयचो सायब' तेथे आहे, असे लोक म्हणतात. सिद्धान्त म्हणतो, तो तेथे नाही. त्याचा आत्मा ईश्वराच्या सन्निध आहे, आणि येथे आहे ते उठण्याची वाट पाहणारे शरीर. ते कुजले की नाही, यावर कोणाचीही श्रद्धा अवलंबून नाही. पण ज्या देहाने इतके केले, तो टाकाऊ कवच नव्हे, म्हणून त्याचा मान.

मराठी मनास या बाबतीत समजण्याची एक वाट आहे, ती देहूहून जाते. तुकोबा सदेह वैकुंठास गेले, ही कथा आपणांस प्रिय आहे. १ नोव्हेंबर १९५० रोजी बाराव्या पायसने मरियेचे सदेह स्वर्गारोहण हा श्रद्धेचा सिद्धान्त म्हणून घोषित केला, तेव्हा आपल्याकडे कित्येकांस तुकोबांची आठवण झाली असेल. साम्य मनोहर आहे. परंतु आपल्याकडे सदेह जाणे हा थोर भक्ताचा अपवाद, आणि कॅथलिक मतात तो सर्वांचा नियम आहे. मरियेला मिळाले ते इतरांहून निराळे नव्हे. फक्त आधी मिळाले.

आणि पुरण्या-जाळण्याचा वाद? आपल्याकडेही संन्याशास समाधी देतात, लहान मुलांस पुरतात. पुरणे ही मराठी मुलखास अनोळखी गोष्ट नाही. रोमने १८८६ मध्ये दहनास मनाई केली, ती मुख्यतः युरोपातील जे लोक पुनरुत्थानाची थट्टा म्हणून दहनाचा पुरस्कार करीत होते, त्यांच्याविरुद्ध. १९६३ मध्ये ती मनाई उठली. १९८३ च्या धर्मसंहितेनेही पुरणे श्रेयस्कर मानून, श्रद्धेच्या विरोधासाठी नसेल तर, दहनाची मुभा कायम ठेवली. २०१६ च्या सूचनेने एवढेच बंधन घातले, की राख उधळू नये किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी. अस्थिविसर्जन हा ज्याचा धर्म आहे, त्या शेजाऱ्याशी मतभेद आता येथे उरतो : अग्नीविषयी नव्हे, नदीविषयी.

अंत्यविधीत मृताच्या पेटीवर तीर्थ शिंपडतात आणि धूप फिरवितात. कारण हा देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता, असे पौलाचे म्हणणे. पूर्वी पाद्री काळी वस्त्रे घालीत आणि क्रोधाच्या दिवसाचे भयंकर लॅटिन गीत गात. १९६९ च्या नव्या विधीत ते गीत गळले आणि वस्त्रे जांभळी वा पांढरी झाली. कोंफ्रारीचे लोक ओप-मुर्स घालून क्रूसामागून चालतात. मातीची पहिली मूठ घरच्यांची, मग ज्याची त्याची. त्या वेळी कोणाची मूठ कोणत्या धर्माची, हे कोणी विचारीत नाही.

गोव्याच्या सिमितेरी लहान, आणि मेलेल्यांना सुट्टी नाही. म्हणून काही वर्षे गेली की तीच खाच पुन्हा उघडतात, अस्थी गोळा करतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकुंडात ठेवतात. मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. देह जसाच्या तसा राहिला पाहिजे, असे या लोकांस वाटत असते, तर हे त्यांनी शतकानुशतके सहन केले नसते. आणि जे तारवटी आगबोटींवर मेले, त्यांना खाचही मिळाली नाही. कापडात गुंडाळून त्यांना समुद्रात सोडले. गावी त्यांच्या नावाने मीस झाले, आणि नोव्हेंबरच्या दोन तारखेस त्यांच्या घरचे लोक आजा-पणजांच्या खाचेवरच त्यांचीही एक मेणबत्ती लावून येतात.